अर्क लॅबमध्ये पास झाला; आता क्रीम विकू का?

एका संशोधक विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा असा: त्या एका झाडाच्या पानांच्या अर्कावर पीएचडीचं काम करतात. अर्कात रुटिन हे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींतलं एक प्रकारचं रंगद्रव्य) भरपूर आहे. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट-क्षमतेच्या चाचणीत अर्क क जीवनसत्त्वाच्या जवळपास पोचला, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाश किती शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्रावर) काढलेला एसपीएफ २० आला आणि यूव्हीबी हे अतिनील किरण दिलेल्या त्वचेच्या पेशी अर्क घातल्यावर जास्त संख्येनं जगल्या. कोलॅजेन हे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन तोडणारं एमएमपी-१ हे एन्झाइमही कमी झालेलं दिसलं. गाइड खूश आहेत, पेपर लिहून होत आला आहे. हे ऐकून मोठ्या भावानं 'नैसर्गिक सनस्क्रीन, अकाली सुरकुत्यांना अटकाव' अशा लेबलची क्रीम काढायचं ठरवलं असून साठवलेले पैसे त्यात घालायची त्याची तयारी आहे. घरी बनवलेली पहिली क्रीम त्या स्वतः आणि धाकटी बहीण काही महिने लावताहेत. नेहमीचं सनस्क्रीन दोघींनी बंद केलं आहे. 'काहीच त्रास झाला नाही,' असं त्या लिहितात. पण लॅबमधले एक सीनियर सहज म्हणून गेले, 'पेशींवर काय, काहीही चालतं,' आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. त्या विचारतात: अजून कोणत्या चाचण्या केल्या म्हणजे पुरे? की मी उगाच घाबरतेय आणि भावाची संधी घालवतेय? शेवटी आहे तर निसर्गातलंच ना?

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, एक विज्ञानाचा आणि एक भावाचा. दोन्हींकडे येते. त्याआधी एक काम असं आहे की ज्यासाठी पेपरची किंवा भावाची वाट बघायला नको: तुम्ही आणि बहीण, दोघींनी उद्यापासून जुनं सनस्क्रीन परत सुरू करा. घरची क्रीम तूर्त बंद. सनस्क्रीनच्या खाली किंवा वर, थोडीशीसुद्धा नको. का, ते पुढे बावची या औषधी वनस्पतीचा विषय निघेल तेव्हा सांगते.

'काहीच त्रास झाला नाही' हे वाक्य तुम्ही दिलाशासारखं लिहिलं आहे. त्यात गृहीत असं धरलंय की ऊन बाधलं तर ते कळेल: त्वचा लाल होईल, आग होईल. भाजणं तसंच कळतं, पण उन्हानं येणारं म्हातारपण असं कळवून येत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या फिशर आणि वूरहीस यांच्या गटानं १९९६ मध्ये दाखवलं की त्वचा लाल होण्यासाठी लागतो त्याहून बऱ्याच कमी यूव्हीबीनंही माणसाच्या त्वचेत कोलॅजेन तोडणारी एन्झाइमं काही तासांत जागी होतात. तुम्ही मोजलेलं एमएमपी-१ त्यातलंच. म्हणजे लाली नाही, आग नाही आणि आत तोडफोड चालू, असं सहज होऊ शकतं. त्यात जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए असतात. ते यूव्हीबीपेक्षा खोल जातात, खिडकीच्या काचेतूनही बहुतांशी आरपार येतात, आणि त्यांनी त्वचा सहसा भाजत नाही. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवलेली, काच डाव्या बाजूला. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी. डावीकडे जाड, लोंबती, खोल घड्यांची कातडी. दोन्ही अर्धे चेहरे एकाच माणसाचे आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही. त्यालाही रोज काही 'त्रास' होत नसणार. तेव्हा काही महिने काही झालं नाही, यावरून तुमच्या क्रीमबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच ठरत नाही.

आता एसपीएफ २०. तुमच्या भावाच्या डोक्यात लेबलावर हाच आकडा असणार, म्हणून यावर जरा थांबते.

तुम्ही वापरलेलं सूत्र मन्सूर आणि सहकाऱ्यांचं, १९८६ सालचं. अर्क अल्कोहोलमध्ये पातळ करून क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक डबीत) घालायचा, २९० ते ३२० नॅनोमीटरमध्ये दर ५ नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला गेला ते मोजायचं, ठरलेल्या गुणकांनी गुणायचं, बेरीज करायची आणि शेवटी १० नं गुणायचं. गुणकांची एकूण बेरीज १ येते. म्हणजे सरासरी अ‍ॅबसॉर्बन्स (शोषणाचं माप) २ आला की एसपीएफ २० तयार! अर्क अजून थोडा घट्ट घेतला असतात तर ३० आला असता, पातळ केला असतात तर ५. शेवटचा तो १० चा गुणकही ८ टक्के होमोसॅलेट (अतिनील गाळणारं एक रसायन) असलेल्या प्रमाणित सनस्क्रीनचा एसपीएफ ४ यावा म्हणून बसवलेला आहे. चाळणी म्हणून ही पद्धत वाईट नाही. दहा अर्कांतून कोणता पुढे न्यायचा हे त्यावरून ठरवता येतं. पण त्या क्युव्हेटमध्ये त्वचेचे उंचवटे नाहीत, घाम नाही, क्रीमचा असमान थर नाही आणि दोन तासांचं ऊनही नाही.

लेबलावर जो एसपीएफ लिहायचा असतो तो माणसांच्या पाठीवर काढतात. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबानं क्रीम लावायची, दिव्यानं छोट्या छोट्या चौकोनांत वाढत्या मात्रा द्यायच्या आणि १६ ते २४ तासांनी कोणता चौकोन लाल झाला ते बघायचं. क्रीम न लावलेल्या जागेपेक्षा किती पट मात्रा लागली, तो एसपीएफ. घरी लोक त्याच्या निम्मीसुद्धा क्रीम लावत नाहीत हा आणखी वेगळा विषय.

यात गंमत अशी की तुमच्या रुटिनवर या सूत्रानं अन्यायच केलाय. रुटिन ३५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे यूव्हीएमध्ये चांगलं शोषतं आणि हे सूत्र ३२० च्या पुढे बघतच नाही. तुमच्या अर्काचं खरं बळ कदाचित तिथेच असेल. पूर्ण आलेख ४०० पर्यंत काढा. मग तोच नमुना काचेच्या पट्टीवर पातळ थरात पसरून उन्हाच्या दिव्याखाली ठेवा आणि तासाभरानं परत आलेख काढा. शिखर खाली आलं तर अर्क स्वतःच उन्हात तुटतोय. वनस्पतींतल्या बऱ्याच रंगीत रेणूंची हीच रड असते. हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशात तुटतंच. शिवाय शरीराच्या तापमानाच्या साध्या बफरमध्ये, अंधारातही अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के नाहीसं होतं. पेशींवरचे त्याचे इतके सुंदर निकाल माणसांपर्यंत येईतो विरून का जातात, त्याचं एक कारण हेच.

डीपीपीएचबद्दल फार लिहीत नाही. जांभळं द्रावण पिवळट झालं, म्हणजे तुमच्या अर्कानं मिथेनॉलमध्ये एका कृत्रिम मुक्त मूलकाला हायड्रोजन दिला. एवढंच. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांची अशी अँटिऑक्सिडंट-क्षमतेची मोठी यादी २०१२ मध्ये स्वतःहून काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता आणि कंपन्या मात्र तो आकडा जाहिरातीत वापरत होत्या. पेपरमध्ये ठेवायचा तर एक ओळ ठेवा.

आता पेशी. तुमच्या सीनियरचं वाक्य तिरकस आहे, पण मी ते निम्मंच खरं मानते. पेशींवर काहीही चालत नाही. नीट कंट्रोल (तुलनेचे नमुने) ठेवले नाहीत तर काहीही चालल्यासारखं दिसतं. तुमच्या पत्रातून मला एक गोष्ट कळली नाही आणि सगळी मदार तिच्यावर आहे: यूव्हीबी देताना अर्क प्लेटमध्येच होता का?

असेल, तर अर्कानं पेशींना काही शिकवलं असेल किंवा नसेलही. त्यानं वरून सावली तर नक्कीच धरली. पिवळट द्रावणाचा थर अतिनील शोषतो, खाली कमी पोचतं, पेशी जगतात. छत्रीखाली उभं राहून पावसात भिजायची सवय झाली म्हणावं, तसं ते. याची शहानिशा एका दिवसात होते. पेशी साध्या बफरमध्ये ठेवा, वर झाकणासारखी दुसरी प्लेट ठेवा आणि अर्क त्या वरच्या प्लेटमध्ये तेवढ्याच जाडीच्या थरात घाला. त्याचा पेशींना स्पर्शही होणार नाही. ती प्लेट यूव्हीबी जाऊ देणारी हवी, नाहीतर प्लास्टिकच सावली करेल; कंट्रोललाही वर तशीच, नुसत्या बफरची प्लेट हवी. इतकं करून पेशी पहिल्याइतक्याच जगल्या, तर तुमचा अर्क एक गाळणी आहे आणि त्याची तुलना बाजारातल्या प्रस्थापित गाळण्यांशीच व्हायला हवी. मग उलट बाजू बघा: अर्क रात्रभर पेशींवर ठेवा, सकाळी दोनदा धुऊन काढा, बफरमध्ये किरण द्या, आणि एका गटाला अर्क किरणांनंतरच द्या. इथे फरक दिसला तर मात्र पेशींच्या आत काहीतरी घडतंय असं म्हणायला जागा आहे. तो निकाल मला बघायला आवडेल.

पेशी जगल्या हे तुम्ही एमटीटीनं, म्हणजे जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या रसायनानं, मोजलं असणार, सगळेच मोजतात. एका प्लेटमध्ये पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी घालून बघा. रुटिनसारखे पॉलिफेनॉल पेशींविनाच एमटीटीचा जांभळा रंग करू शकतात. रिकाम्या खाचेत जांभळं दिसलं, की आधीच्या आकड्यांतलं किती पेशींचं आणि किती अर्काचं, हे कळायला मार्ग उरत नाही; न्यूट्रल रेड हा जिवंत पेशींत साठणारा रंग किंवा थेट मोजणी वापरावी लागते. याची दुसरी बाजूही आहे. पुष्कळ पॉलिफेनॉल पेशींच्या माध्यमात हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. त्या थोड्याशा चिमट्यानं पेशी आपली संरक्षणव्यवस्था चालू करतात आणि आपण म्हणतो, अर्कानं संरक्षण दिलं! माध्यमात कॅटलेज हे पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम घालून प्रयोग परत केला की हे उघड होतं.

हाकॅट, म्हणजे प्रयोगशाळेत कायम वाढवता येणाऱ्या माणसाच्या त्वचेच्या पेशी, वापरल्यात ना? सोय म्हणून ठीक, पण त्यांच्यातलं पी५३ हे जनुक मुळातच बिघडलेलं आहे, तेही अतिनील किरणांनी होतात तसल्या बदलांनी. ऊन लागल्यावर पेशीनं थांबायचं, डागडुजी करायची की मरायचं, हे ठरवण्यात पी५३ चा मोठा हात असतो. त्यामुळे मुख्य निकाल निदान एकदा माणसाच्या त्वचेतून काढलेल्या साध्या केराटिनोसाइटवर (वरच्या थरातल्या पेशी) आणि फायब्रोब्लास्टवर (खालच्या थरातल्या, कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी) यायला हवा. एमएमपी-१ कमी झालं म्हणता, ते दर पेशीमागे की दर खाचेमागे? आणि ज्यापासून कोलॅजेन बनतं त्या प्रोकोलॅजेनचं काय झालं? तोडणारं एन्झाइम कमी आणि बांधकामही बंद, असं असेल तर आनंद करण्यासारखं काही नाही. दिव्याचंही बघा. यूव्हीबीच्या पुष्कळ नळ्यांतून थोडं यूव्हीसी निघतं, जे जमिनीवरच्या उन्हात नसतंच. ते गाळायला सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेटचा पडदा लावतात. मात्रा मिनिटांत लिहू नका, रेडिओमीटरनं मोजून लिहा, कारण नळी जुनी झाली की तीच पाच मिनिटं पूर्वीची राहत नाहीत.

आणखी एक प्रयोग सुचवते, जो बहुतेक अर्कवाले टाळतात. शुद्ध रुटिन विकत मिळतं. तुमच्या अर्कात जेवढं आहे तेवढंच शुद्ध रुटिन घेऊन सगळं परत करा. निकाल तोच आला, तर झाडाचं श्रेय संपलं आणि प्रश्न रुटिनचा झाला. मग त्याच्यावरचं आधीचं काम वाचून पुढचं ठरवता येईल. अर्क सरस ठरला तर आत अजून कुणीतरी आहे, आणि तुमची पीएचडी खरं म्हणजे तिथून सुरू होते. जाता जाता, रुटिनचं रेण्वीय वजन ६१० डाल्टन आहे. साधारण ५०० डाल्टनच्या वरचे रेणू अखंड त्वचेतून आत शिरायला फार कुरकुर करतात, असा ठोकताळा २००० साली मांडला गेला आणि तो बऱ्यापैकी टिकला आहे. प्लेटमधल्या पेशींवर वरचं मृत पेशींचं कवच नसतं. तुमच्या फायब्रोब्लास्टांना अर्क आयता मिळाला. चेहऱ्यावर तो त्यांच्यापर्यंत पोचेल याची खात्री फ्रान्झ सेल या, त्वचेतून काय आरपार जातं ते मोजणाऱ्या उपकरणात त्वचेचा तुकडा लावून करून घ्यावी लागेल.

'निसर्गातलंच' म्हणून तुम्ही जो निःश्वास टाकलात, त्यावर मला बावचीच आठवली. तिच्या बियांत बाकुचिऑल असतं. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत ४४ जणांनी १२ आठवडे ते किंवा रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं एक रूप) लावलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी सारखेच कमी केले, आणि बाकुचिऑलनं त्वचा कमी सोलली. (नुसतं आधार-क्रीम लावणारा तिसरा गट मात्र त्यात नव्हता, आणि या तपशिलावर मी अडून बसते.) त्याच बियांत सोरॅलेनही असतं. सोरॅलेन त्वचेत असताना यूव्हीए पडलं की ते डीएनएच्या धाग्यांना जखडतं. डॉक्टर हा गुण मोजूनमापून, विशिष्ट आजारांत, देखरेखीखाली वापरतात, आणि त्याच उपचाराचे खूप फेरे झाले तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही नोंदलेलं आहे. लिंबूवर्गीय फळांचा रस हाताला लागून उन्हात बसलेल्यांच्या कातडीवर फोड उठतात आणि मागे काळे पट्टे राहतात, ते याच कुळातल्या रेणूंमुळे. एकाच बीमध्ये एक रेणू उन्हापासून झालेलं निस्तरणारा आणि दुसरा ऊन चढवणारा! अर्क काढताना कोणता विद्रावक वापरला त्यावर कोण किती येणार ते ठरतं.

तुमच्या झाडात सोरॅलेनच्या जातीचं काही आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, तपासलं नसावं. घरची क्रीम बंद करा म्हणाले ती यासाठी. यासाठीची, म्हणजे प्रकाशविषारीपणाची, चाचणी ठरलेली आहे, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४३२ क्रमांकाची: उंदराच्या ३टी३ पेशींच्या दोन प्लेट, दोन्हींत अर्काच्या वाढत्या मात्रा, एक अंधारात, एकीला दर चौरस सेंटिमीटरला ५ जूल यूव्हीए, आणि दुसऱ्या दिवशी न्यूट्रल रेड. प्रकाशातल्या पेशी फारच कमी मात्रेला मेल्या तर अर्क उन्हात घातक. प्राणी लागत नाहीत, काही दिवसांचं काम आहे. तुमच्या यादीत ही चाचणी सगळ्यात वर हवी होती. वनस्पतींचे अर्क घरी क्रीममध्ये मिसळून उन्हात जाणाऱ्या बाकी वाचकांनीही हे मनावर घ्यावं. त्यांच्याकडे ३टी३ पेशी नसतात, म्हणून त्यांनी तो प्रयोग आपल्या गालावर करू नये.

'किती चाचण्या म्हणजे पुरे' याचं उत्तर तुम्ही काय दावा करणार यावर आहे. 'सुरकुत्यांना अटकाव' म्हणायचं तर मापदंड कुठे आहे ते बघा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर इथे ९०० हून थोडे जास्त लोक, वय ५५ च्या आत, साडेचार वर्षं. निम्म्यांनी रोज सनस्क्रीन लावलं, निम्म्यांनी मनाला येईल तसं. हाताच्या मागच्या बाजूचे सिलिकॉनचे ठसे सुरुवातीला आणि शेवटी घेतले, आणि ठसा कोणत्या गटातल्या माणसाचा हे माहीत नसलेल्यांनी त्यावरच्या बारीक रेषांची प्रतवारी केली. २०१३ मध्ये निकाल आला: रोज लावणाऱ्यांत त्वचेचं वय वाढणं २४ टक्क्यांनी कमी. त्याच अभ्यासात काही लोकांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं होतं. अस्सल नैसर्गिक, परीक्षानळीत झकास. त्याचा त्वचेच्या वयावर एकंदरीत काही परिणाम दिसला नाही. फिनलंडमध्ये तेच बीटा-कॅरोटीन सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना दिलं तेव्हा १९९४ च्या निकालात फुप्फुसाचे कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेले निघाले. हिरव्या चहाच्या पॉलिफेनॉलच्या गोळ्या दोन वर्षं घेतलेल्या स्त्रियांच्या त्वचेत नकली गोळ्या घेतलेल्यांपेक्षा शेवटी फरक नव्हता.

सगळंच फसतं असं नाही. १५ टक्के क जीवनसत्त्व आणि १ टक्का ई यांच्या द्रावणानं डुकराच्या त्वचेला सुमारे चौपट संरक्षण मिळत होतं. त्यात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातल्यावर ते आठपट झालं, हे २००५ मध्ये दिसलं. फेरुलिक आम्ल वनस्पतींतलंच. पण ते द्रावण नीट आम्ल ठेवावं लागतं आणि हवा लागली की तपकिरी पडून निकामी होतं. आणि ते सनस्क्रीनच्या जोडीला वापरतात, त्याच्या जागी नाही. तुमच्या अर्काला अशी जोडीदाराची जागा मिळाली तरी ते मोठं यश आहे.

माणसांवर चाचणी करायची वेळ आलीच, तर दोन सापळे लक्षात असू द्या. कोणत्याही बऱ्या क्रीमनं त्वचेत ओल धरली की बारीक रेषा भरून आल्यासारख्या दिसतात. म्हणून अर्ध्या चेहऱ्यावर अर्कवाली क्रीम आणि अर्ध्यावर तीच क्रीम अर्काविना, लावणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही न सांगता, आणि निदान सहा महिने. दुसरा सापळा जास्त फसवा आहे. वनस्पतींचे बरेच अर्क दाह कमी करतात. दाह कमी झाला की लाली कमी दिसते, आणि एसपीएफ मोजतात तो लालीवरूनच. आकडा वाढतो, किरण मात्र तितकेच आत जात असतात आणि डीएनएवर तितकेच घाव पडत असतात. भावाच्या क्रीमचा पाठीवर काढलेला आकडा चांगला आला तरी तो क्युव्हेटमधल्या आणि पट्टीवरच्या शोषणाशी जुळतो का बघा. शक्य असेल तर त्वचेच्या बारीक नमुन्यात थायमिन डायमर (अतिनील किरणांनी डीएनएवर पडणारे घाव) मोजून घ्या.

आता भाऊ. तुम्ही त्याची संधी घालवताय असं तुम्हाला वाटतंय. संधी आहे की नाही हे अजून ठरायचंय, आणि ठरवायची साधनं घरात फक्त तुमच्याकडे आहेत. त्याला 'अजून चाचण्या हव्यात' एवढंच सांगितलंत तर ते चालढकल वाटेल, कारण त्याला शेवट दिसत नाही. त्याऐवजी एका कागदावर पायऱ्या लिहून त्याच्यापुढे ठेवा: पहिली प्रकाशविषारीपणाची, मग दोन प्लेटवाली सावलीची, मग शुद्ध रुटिनशी तुलना, मग उन्हात टिकण्याची. प्रत्येकीपुढे, निकाल यायच्या आधीच, 'असं आलं तर थांबायचं' हे दोघांनी मिळून लिहा. पहिल्याच पायरीवर घसरलो तर त्याचे पैसे जागच्या जागी राहतात. या चारही पायऱ्या एका सत्रात तुमच्याच लॅबमध्ये होण्यासारख्या आहेत. पुढचं सगळं, म्हणजे क्रीमचा पाया, जंतू न वाढण्याची चाचणी, माणसांवरचा एसपीएफ, हे महाग आणि बाहेरून करून घ्यायचं.

चारही पार पडल्या तर त्याच्यासमोर दोन रस्ते आहेत. मान्यताप्राप्त अतिनील गाळण्या असलेल्या सनस्क्रीनमध्ये अर्क जोड म्हणून घालायचा आणि अर्कासह व अर्काविना अशी मोजणी करायची, हा लांबचा पण पक्का रस्ता. किंवा उन्हाचं नावही न घेता साधं मॉइश्चरायझर म्हणून विकायचं. त्यालाही सुरक्षिततेच्या चाचण्या लागतात, पाणी आणि झाडपाल्याचा अर्क एकत्र आले की बुरशीला मेजवानीच. या दुसऱ्या रस्त्यात भावाला फारसा रस वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे. सध्याच्या लेबलनिशी लगेच विकायचा तिसरा रस्ता मी रस्त्यांत धरत नाही. अमेरिकेत तर सनस्क्रीन औषध म्हणून नियंत्रित होतं, आणि इतरत्रही एसपीएफचा आकडा छापायचा तर नियामक पुरावा मागतात. त्या वेळी क्युव्हेट दाखवून भागत नाही. त्यापेक्षा मला काळजी त्या गिऱ्हाइकाची आहे, जी तुमच्या बहिणीसारखीच विश्वासानं आपलं जुनं सनस्क्रीन टाकून देईल.

भाऊ चिडेल कदाचित. चिडू दे. पैसे घालून झाल्यावर चिडण्यापेक्षा आत्ता बरं. त्याच्या उत्साहात एक गोष्ट खरी आहे ती त्याला आवर्जून सांगा: तुमचं काम कुणीतरी वापरावं असं त्याला वाटतंय.

गाइडशीही बोलायला हवं, आणि लवकर. सावलीची आणि पेशींविना एमटीटीची शहानिशा पेपर जाण्याआधी होऊ द्या. चांगला परीक्षक तेच मागेल, आणि त्यानं मागण्याआधी तुमच्याकडे असलेलं बरं. शीर्षकात 'यूव्हीबी दिलेल्या पेशींमध्ये' हे शब्द येऊ द्यात, 'त्वचेचं संरक्षण' नको. भावाचा व्यवसायाचा विचार आहे हे हितसंबंधांच्या निवेदनात स्पष्ट लिहा. आणि पेटंटचा विचार असेल तर पेपर छापून येण्याआधी अर्ज व्हावा लागतो. बहुतेक देशांत आधी छापलेली गोष्ट नवी धरली जात नाही. अर्कावर हक्क तुमचा, संस्थेचा की दोघांचा, हेही भावाला ठाऊक नसणार. संस्थेच्या बौद्धिक संपदा कक्षात आधी तुम्ही एकट्या जाऊन या, मग त्याला घेऊन जा.